हक्कसोडपत्र आणि थायरॉईड

सुरुवात झोपेपासून झाली. पहाटे तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडायचे आणि अंग लगेच कामाला तयार असायचं. मी उठून ओटा घासायचे, मग नववीच्या वह्या तपासायला घ्यायचे. उजाडेपर्यंत अख्खा गठ्ठा संपलेला असायचा. सांगलीतल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच भूमितीचा बराचसा भाग शिकवून झाला होता. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी माझं उदाहरण दिलं. वजन उतरत होतं, ब्लाउज सैल होत होते, भेटेल ती बाई 'काय करतेस गं, सांग की' म्हणून विचारत होती. जेवण तर उलट वाढलं होतं. रात्री चौथी भाकरी खाऊनही पोटात जागा उरायची. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. इतकं तरतरीत मला कॉलेज सुटल्यापासून वाटलं नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढे ज्याला आजार म्हणून नाव मिळालं, त्याचे पहिले काही महिने सुखाचे होते.

राग त्यानंतर आला, आणि तो राग आहे असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, आता कुठे आपल्याला नीट दिसायला लागलंय. वर्षानुवर्षं बाजूला सारलेल्या गोष्टी एकेक करून समोर येऊन उभ्या राहिल्या. नवरा जेवून उठतो आणि ताट तिथेच ठेवतो. सासूबाई दुधावरची साय नातवाच्या वाटीत घालतात, नातीच्या नाही. शाळेत रविवारची जादा कामं ठरावीक तिघीचौघींच्याच वाट्याला येतात. यातलं एकही खोटं नव्हतं. आधीही मला ते माहीत होतं. पण पूर्वी जे मनातून येऊन जायचं ते आता छातीत धडधडत उभं राहायचं आणि बोलल्याशिवाय हलायचं नाही. एकदा सायीवरून मी स्टीलचं पातेलं मोरीत इतक्या जोरात आपटलं की त्याचा काठ चेमटला. मुलगा कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता. लेक दहावीत होती. तिनं अभ्यासाची जागा बदलून गच्चीवरच्या खोलीत नेली.

शाळेत मुलांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. फळ्यावर मी हातानं वर्तुळ काढते, पट्टीशिवाय सरळ रेघ मारते, याचा मुलांना कौतुकमिश्रित अभिमान असायचा. त्या पावसाळ्यानंतर माझी रेघ थरथरायला लागली. बारीक, करवतीच्या दात्यांसारखी. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्हाला थंडी वाजतेय का?" थंडी वाजायचा प्रश्नच नव्हता. सगळे स्वेटर घालून बसलेले असताना मी पंख्याखाली घामेजलेली असायचे.

त्याच वर्षी भाऊबीजेला मी माहेरी गेले. माहेर तासगाव तालुक्यात. द्राक्षबाग आणि बेदाणा. आदल्या वर्षी बाबा गेले होते आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची वारसनोंद झाली होती. ओवाळून झाल्यावर, जेवणं उरकल्यावर, भावानं फाइल आणली. आतमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा. "अक्का, एवढं वाचून घे. घाई नाही काही."

भाऊ माझ्याहून लहान. माणूस वाईट नाही आणि त्याची अडचणही खरी होती. पीककर्जाच्या वेळी सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, मी सांगलीला, शाळा सोडून येता येत नाही, सोसायटीत सचिव अडवून धरतो. गावात सगळ्याच बहिणी सही करतात. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. पण आमच्या भागात तो हक्क कागदावर येतो आणि पहिल्या-दुसऱ्या भाऊबीजेला सोडून दिला जातो. सही करणारीला माहेर असतं, न करणारीला जमीन असते, असं सरळ गणित तिथे मांडलं जातं.

मी मसुदा पुरता वाचलाही नाही. उभी राहिले, आणि पहिल्या बागेच्या मंडपाचे अँगल आणि तारा लग्नाआधीच्या माझ्या पगारातून आल्या, इथपासून सुरुवात केली. बाबांच्या आजारपणात दवाखान्याचं बिल कोणी भरलं, आईला चष्मा कोणी केला, आतापर्यंत किती वेळा या घरात मला पाहुणी म्हणून ताट वाढलं गेलं. शेजारच्या वाड्यातली माणसं दारात आली. भावजय रडायला लागली. कागद फाडला आणि रात्रीच्याच एसटीनं परत आले. गाडीत माझा हात गजावर होता आणि गजाचा आवाज येईल इतका तो कापत होता.

घरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं, टेन्शन घेऊ नका म्हणाले, झोपेची गोळी दिली. पाळी पुढेमागे होत होती म्हटल्यावर त्यांचा निष्कर्ष ठरला: वय झालं, पाळी जायची वेळ आली, या वयात बायकांचं असं होतं. नवऱ्यालाही ते पटलं. मलाही पटण्यासारखं होतं. जिना चढताना छाती फुटेल असं वाटायला लागलं तेव्हा नवरा मला मिरजेला एका फिजिशियनकडे घेऊन गेला.

त्या डॉक्टरांनी काही विचारण्याआधी माझा हात हातात घेतला. तळवा ओला होता आणि गरम होता. नंतर त्यांनी समजावून सांगितलं की काळजीनं, भीतीनं घाम फुटतो तेव्हा तळवे बहुधा गार पडतात. गरम आणि ओला तळवा दिसला की त्यांचं लक्ष गळ्याकडे जातं. त्यांनी मला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर साधा कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. नाडी बसल्या जागी ११८. पाणी प्यायला देऊन गिळताना गळा पाहिला, मागे उभं राहून बोटांनी चाचपला, स्टेथोस्कोप गळ्यावर टेकवला. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "यांचा स्वभाव अलीकडे बदललाय का?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता, आणि तोही दोष देण्याच्या सुरात नाही.

रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही खूप वर, आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह. ग्रेव्हज डिसीज. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. जेवणातलं आयोडीन उचलून ती संप्रेरक बनवते: टी-फोरच्या रेणूत आयोडीनचे चार अणू, टी-थ्रीमध्ये तीन. किती बनवायचं ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच पाठवून ठरवते. रक्तात संप्रेरक पुरेसं झालं की पिट्युटरी टीएसएच कमी करते, कमी पडलं की वाढवते. ग्रेव्हजमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा अशी अँटिबॉडी तयार करते की ती थायरॉईडवर नेमकी टीएसएचच्या जागी जाऊन बसते. ग्रंथीला वाटतं वरून हुकूम येतोय, आणि ती थांबतच नाही. पिट्युटरीनं टीएसएच शून्याजवळ आणून ठेवला तरी उपयोग नसतो.

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजनं १८३५ साली या आजाराचं जे वर्णन लिहिलं, त्यातल्या विशीतल्या एका बाईची लक्षणं आधी हिस्टेरियाची समजली गेली होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या बाईच्या घरी काय काय झालं असेल, तिच्याबद्दल कोण काय बोललं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि मला वाटतं तो उशिरा ओळखला जाण्याचं एक कारण तेच आहे. बाई चिडली, रडली, झोपली नाही, तर तिच्यासाठी कारणं आधीपासून तयार असतात. पुरुषांनाही तो होतो. १९९१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हृदयाची लय बिघडली आणि मागे ग्रेव्हज निघाला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांच्या पत्नी बार्बरा यांना हाच आजार झाला होता.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. कार्बिमॅझोल ग्रंथीतलं नवीन उत्पादन रोखते. पण ग्रंथीत आधीच साठवलेलं संप्रेरक संपायला काही आठवडे जातात, त्यामुळे तिचा गुण सावकाश येतो. घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं, हे त्यांनी नवऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी या औषधानं एकदम खाली येतात. दुसरी गोळी प्रोप्रॅनोलॉल. ती थायरॉईडला फारसं काही करत नाही. थायरॉईडचं संप्रेरक वाढलं की हृदय आणि स्नायू अ‍ॅड्रेनॅलिनला जास्तच जोरानं ओ देतात. ही गोळी ती ओ दाबते.

आणि इथे मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अनुभवायला मिळाली. प्रोप्रॅनोलॉल सुरू केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा साय नातवाला वाढली. मी पाहिलं. मला ते चूक वाटलं, आधीइतकंच. पण छाती धडधडली नाही, कानशिलं तापली नाहीत, हात कापला नाही, आणि त्यामुळे आतलं जे काही एरवी उसळून वर यायचं त्याला वर यायला वाटच सापडली नाही. रक्तातलं थायरॉईड तेव्हाही तितकंच वाढलेलं होतं. फक्त शरीराचा गोंधळ थांबला होता, आणि त्याबरोबर राग विचाराएवढा राहिला होता. मी साधेपणानं म्हटलं, "आई, अर्धी तिला पण द्या." त्यांनी दिली.

भावना आधी की शरीर आधी, यावर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८८४ साली एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं, आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, शरीर थरथरतं आणि त्या थरथरण्याची जाणीव म्हणजेच भीती. १९२४ साली स्पेनमधल्या ग्रेगोरिओ मारान्योन या संप्रेरकतज्ज्ञानं माणसांना अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. त्यातल्या अनेकांनी सांगितलं की घाबरल्यासारखं होतंय, पण घाबरलोय असं नाही. पुढे १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर या दोघांनी अमेरिकेत असंच इंजेक्शन काहींना परिणाम सांगून दिलं आणि काहींना व्हिटॅमिन म्हणून दिलं, मग काहींच्या सोबतीला खिदळणारा आणि काहींच्या सोबतीला चिडलेला माणूस बसवला. ज्यांना छाती का धडधडतेय ते माहीत नव्हतं, ते त्या माणसाच्या रंगात जास्त रंगले. हा प्रयोग नंतर करून पाहणाऱ्यांना तसाच्या तसा निकाल मिळाला नाही, त्यामुळे त्यावर मी फार इमारत उभी करणार नाही. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्या दुसऱ्या गटात होते. महिनोन्‌महिने माझ्या शरीरात कुणीतरी न सांगता इंजेक्शन दिल्यासारखी धडधड चालू होती, आणि मन तिचं कारण घरात, शाळेत, माहेरी शोधत होतं. आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कारणं शोधायला लांब जावं लागत नाही.

आमच्या बागेत ठिबक आहे. नळी तीच, भोकं तीच, पाणीही तेच. मोटरीचा दाब वाढला की थेंबाची पिचकारी होते आणि कमी झाला की शेवटच्या वेलीपर्यंत पाणीच जात नाही. थायरॉईडचं मला तसंच वाटतं. माझ्या मनात नव्हतं ते त्यानं काही आणून ठेवलं नाही.

पण घरच्यांनी याचा अर्थ वेगळा घेतला. रिपोर्टची बातमी माहेरी पोचली आणि भावाचा फोन आला. आवाजात खरी माया होती. "अक्का, तू आजारी होतीस गं. आम्हीच समजून घ्यायला पाहिजे होतं. तू त्या दिवशी बोललीस ते आम्ही मनावर घेतलेलं नाही." मला रडू आलं. फोन ठेवल्यावर मात्र ते शेवटचं वाक्य टोचत राहिलं. मंडपाच्या तारा माझ्या पगारातून आल्या, हेही मनावर घ्यायचं नाही का? बाईच्या बोलण्यावर दोनच शिक्के असतात, असं मला तेव्हापासून वाटत आलंय: एक तर हिचा स्वभावच वाईट, नाहीतर हिचं हार्मोन बिघडलंय. पहिल्यात तिला शिक्षा होते, दुसऱ्यात माफी मिळते, आणि दोन्हीत ती काय म्हणाली ते कुणी ऐकत नाही.

कार्बिमॅझोलवर दीडेक वर्ष बरं गेलं. लेकीची दहावी झाली, ती अकरावीला गेली, पातेल्याचा चेमटलेला काठ तसाच राहिला आणि त्यातच चहा होत राहिला. औषध थांबवल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांत ग्रेव्हज परत उलटतो, माझा उलटला. मग डॉक्टरांनी रेडिओआयोडीन सुचवलं.

त्यासाठी आम्ही मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये गेलो. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था, १९६३ सालापासूनची. थायरॉईडला आयोडीनचा जो हव्यास असतो त्याचाच उपयोग इथे केला जातो: किरणोत्सारी आयोडीन पोटात दिलं की त्यातलं बरंचसं जाऊन थायरॉईडमध्येच जमा होतं आणि तिथल्या पेशी आतून जाळतं. आयोडीन-१३१ची तीव्रता आठ दिवसांत निम्मी होते, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मी. वर्गात भूमितीय श्रेणी शिकवताना मी आता हेच उदाहरण देते. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरनं १९४१ साली पहिल्यांदा एका रुग्णाला हे औषध दिलं. त्याच्या पाच वर्षं आधी एका भाषणानंतर उठून त्यानं साधा प्रश्न विचारला होता, आयोडीन कृत्रिमपणे किरणोत्सारी करता येईल का? मला शिक्षक म्हणून त्या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं. माझ्या वाट्याला आलं ते छोट्या कपातलं बिनचवीचं पाणी. नातेवाइकाच्या गाडीत मागच्या सीटवर एकटी बसून परत आले आणि सांगितलेले दिवस मुलाला जवळ घेतलं नाही.

पुढच्या महिन्यांत थायरॉईड खाली यायला लागला. एक रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. टीएसएचचा आकडा साधारण ०.४ ते ४च्या मध्ये असावा लागतो; माझा तिथे बरोबर बसला होता. घरी पेढे आणले. पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठरली.

त्या तीन महिन्यांत मी दुसरीच बाई झाले, आणि हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

कारण मी सगळ्यांना आवडत होते. मी भांडत नव्हते. ताट जागेवर राहिलं तर उचलत होते, नाही उचललं तर तेही चालत होतं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, आता कशी शांत झाली बघा. दुपारी शाळेतून आले की पलंगावर बसायचे आणि संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही. कातडी कोरडी, केस फणीला यायचे, मे महिन्यात पायात मोजे. वर्गात सतरा गुणिले सहा फळ्यावर मांडून मी थांबले आणि उत्तर येईना. मागून मुलांनी सांगितलं, मी लिहिलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. दुःख म्हणावं तर तसंही नव्हतं. दुःखाला जी धार लागते तीच नव्हती. लेक काही विचारत होती आणि तिचे शब्द माझ्यापर्यंत येऊन पोचायला वेळ लागत होता.

रागावलेल्या बाईचा आजार काही महिन्यांत सापडला, कारण तिचा त्रास सगळ्या घराला होत होता. गप्प झालेल्या बाईचा त्रास फक्त तिला होता. मला या दोन आजारांतला सगळ्यात मोठा फरक विचाराल तर तो हाच आहे, आणि तो वैद्यकाच्या पुस्तकात नाही.

भाऊ याच काळात घरी आला. सोबत नवा मसुदा. "अक्का, आता तब्येत बरी आहे तर..." मी कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली. माझे आईवडील, गाव, गट नंबर, चतुःसीमा. कशानंच आत काही हललं नाही. जमीन राहिली काय, गेली काय. मी म्हटलं, "तारीख काढ, येते मी." दुय्यम निबंधक कार्यालयातली तारीखही ठरली. भावाला वाटलं अक्का समंजस झाली. नवऱ्यालाही तसंच वाटलं. आणि मला वाटलं, हेच खरं शहाणपण, आधीचं सगळं थायरॉईडचं होतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी रजेच्या कामासाठी फोन केला होता. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "घसा बसलाय का हो तुमचा?" नाही म्हटलं. "मग असं जड, ओढून ओढून का बोलताय? माझ्या बहिणीचा आवाज असाच झाला होता." त्या संध्याकाळी त्या घरी आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं की तीन महिन्यांची वाट बघू नका, उद्याच रक्त द्या. आणि टेबलावरची फाइल पाहून एवढंच म्हणाल्या, "हे रिपोर्टनंतर."

टीएसएच साठाच्या वर होता.

१९४९ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरनं अशा चौदा रुग्णांची हकीकत छापली, ज्यांची मनं थायरॉईड कमी पडल्यामुळे बिघडली होती. आपल्या घरातल्या किती आज्या, आत्या, काकू म्हातारपणी 'कशात लक्षच नाही' म्हणून कोपऱ्यात बसून गेल्या असतील, हा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. माझी आत्या अशीच गेली. सुजलेला चेहरा, घोगरा आवाज, उन्हातही पांघरलेली शाल. तिचं रक्त कधी कुणी तपासलं नाही. आणि उपाय तर केव्हाचा माहीत आहे: १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेनं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती हळूहळू बोलायला, चालायला, घराकडे बघायला लागली आणि पुढे १९१९पर्यंत जगली. बरी राहण्यासाठी तिला आयुष्यभर तो अर्क घ्यावा लागला. मला त्याच कामासाठी रोज सकाळी एक पांढरी गोळी घ्यावी लागते. पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही.

थायरॉक्सिन रक्तात सावकाश चढतं, आठवड्याभरात त्यातलं निम्मंच खर्च होतं, म्हणून डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनीच तपासणीला अर्थ असतो. त्या आठवड्यांत मी रोज थोडी थोडी परत येत होते. आधी ऊब आली. मग भूक. मग एके दिवशी वर्गात एका मुलानं प्रमेयाची सिद्धता मी शिकवली होती त्याहून छोटी करून दाखवली आणि मला इतका आनंद झाला की मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर ती पुन्हा करायला लावली. आनंद परत आल्यावर पाठोपाठ साय आठवली, ताट आठवलं आणि मंडपाच्या ताराही आठवल्या. ते सगळं एकाच नळीतून येतं.

मी विचार केला तो असा. पहिल्या वेळी मी नाही म्हटलं तेव्हा थायरॉईड फार वर होता. दुसऱ्या वेळी हो म्हटलं तेव्हा फार खाली होता. पहिला नकार आजाराचा म्हणून बाद करायचा असेल तर दुसरा होकारही बाद करावा लागेल. पण होकार बाद करायला कुणी तयार नव्हतं. भावजय म्हणाली, तेव्हा तर तुम्ही किती शांतपणे हो म्हणाला होतात. मी तारीख रद्द करायला सांगितली आणि टीएसएच दोनच्या आसपास स्थिरावल्याचा रिपोर्ट लागोपाठ दोनदा येईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर एका रविवारी मसुदा पुरता वाचला, सगळी पानं. छाती धडधडली नाही. सुन्नही वाटलं नाही. फक्त सही करावीशी वाटली नाही, आणि का वाटली नाही ते मला आवाज न चढवता सांगता येत होतं.

माहेरी जाऊन सांगितलं. राहतं घर तुझं, त्यावर मी हक्क सोडते, त्याचा वेगळा कागद कर. शेतात माझं नाव राहील. कसणार तूच, उत्पन्नातला माझा वाटा आईच्या औषधपाण्याला आणि उरला तर माझ्या मुलीच्या शिक्षणाला. कर्जाच्या सह्यांना मी येईन, त्यासाठी तुझं काम अडणार नाही. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "अक्का, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" मी पर्समधून रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं आकडा वाचला, शेजारी छापलेली मर्यादा वाचली आणि कागद घडी करून परत दिला. आई आतून म्हणाली, "ती बरोबर बोलतेय."

काही महिने आमच्यात बोलणं कमीच होतं. भावजय अजूनही मोकळी बोलत नाही, आणि एका कागदामुळे झालेलं हे नुकसान मला लागतं. ते थायरॉईडच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही, आणि गोळीनं जाणारंही नाही. भाऊ मात्र एप्रिल छाटणीच्या आधी पीककर्जाचे कागद घेऊन सांगलीला आला. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी त्याच्याबरोबर तासगावला गेले, सोसायटीत सचिवासमोर तिघांच्या रकान्यांत सह्या झाल्या. येताना त्यानं वाटेत बेदाण्याच्या शेडवर गाडी थांबवली आणि यंदा भाव कसा राहील यावर आम्ही बांधावर उभं राहून बोललो. लेक आता फिजिओथेरपीला आहे. तिच्या दुसऱ्या वर्षाची फी त्या वाट्यातून गेली. हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून तिचं रक्त मी वर्षातून एकदा तपासून घेते, आणि मागच्या खेपेला भावानं फोन करून विचारलं, आपल्या पोरीचंही करून घेऊ का. मी म्हटलं, पाठव इकडे सुट्टीत, दोघींचं एकदमच करू.